मूडल, कोहा आणि राखीव पुस्तकं: सत्र सुरू होण्याआधी काय लावून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा. नुकतंच स्वायत्त झालेलं एक अनुदानित महाविद्यालय, तिन्ही शाखा. मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) बसवून झालंय, ग्रंथालयात कोहा (तालिका आणि देवघेवीची संगणक प्रणाली) आहे. प्राध्यापक पुस्तकांचे स्कॅन मूडलवर टाकतात. गेल्या वर्षीची पानं यंदाच्या वर्गाला तशीच दिसतात. परीक्षा जवळ आली की विद्यार्थी देवघेवीच्या खिडकीवर येऊन पुस्तकाचं नाव न सांगता "सरांनी सांगितलेलं पुस्तक" मागतात. तिथल्या ग्रंथपाल मॅडम विचारतात की मूडलवरचे अभ्यासक्रम आणि ग्रंथालयातली राखीव पुस्तकं (एखाद्या पेपरसाठी बाजूला काढून थोड्याच वेळासाठी दिली जाणारी) एकत्र कशी चालवायची, आणि कायद्यानं स्कॅन कितपत चालतं.

मॅडम, या दोन्ही प्रणाली मी रोज हाताळतो, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. अभ्यासक्रमाचं पान प्राध्यापकांचंच राहू द्या. पण त्या पानावरची वाचनाची यादी ग्रंथालयानं चालवावी, आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीला सुरू होण्याची व संपण्याची तारीख असावी. तुमच्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हेच आहे की यादीला कुणी वाली नाही आणि कशालाच शेवट नाही.

सुरुवात क्रमांकापासून करा. मूडलमध्ये प्रत्येक कोर्सला 'शॉर्ट नेम' लागतं आणि ते संपूर्ण मूडलवर एकच असावं लागतं. शिवाय 'आयडी नंबर' नावाचा एक रकाना असतो, तो बहुतेक ठिकाणी रिकामाच पडून असतो. स्वायत्त झाल्यावर तुमच्या अभ्यास मंडळानं प्रत्येक पेपरला कोड दिलेला असेलच. तो कोड, त्यापुढे शैक्षणिक वर्ष आणि तुकडी, असं शॉर्ट नेम ठरवा, उदाहरणार्थ 'ईसीओ ३५१, २०२५-२६, अ'. कोहामध्ये याच पेपरचा कोर्स उघडाल तेव्हा 'कोर्स नंबर'च्या रकान्यात नुसता पेपर कोड घाला. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच करा. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) हाच मूडलचा आयडी नंबर आणि तोच कोहाचा कार्ड नंबर. जुन्या कार्डांवर वेगळे क्रमांक असतील तर ती मुलं बाहेर पडेपर्यंत चालू द्या, नव्या प्रवेशांपासून बदला. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झालं नाही तर पुढे 'कोणत्या कोर्सच्या मुलांनी कोणतं पुस्तक नेलं' या साध्या प्रश्नाचं उत्तर काढायला दोन एक्सेल शीट समोरासमोर ठेवून नावं जुळवत बसावं लागतं, आणि आपल्याकडे एकाच आडनावाची मुलं एका वर्गात किती असतात ते तुम्ही जाणताच.

आता मूडलवरच्या जुन्या पानांचं. दरवर्षी तेच पान पुढे ओढायची सवय मोडावीच लागेल. त्या पानावर मागच्या बॅचचे गृहपाठ, त्यांचे गुण, उलटून गेलेल्या तारखा आणि मेलेल्या लिंका असतात, आणि मागची मुलं अजून नोंदलेलीच असतात. 'रिसेट' करून हे साफ होतं, पण स्वायत्त महाविद्यालयात अंतर्गत मूल्यमापनाचा पुरावा तुम्हाला जपून ठेवायचा असतो, आणि रिसेटमध्ये नेमका तोच जातो. म्हणून दरवर्षी नवा रिकामा कोर्स उघडा आणि जुन्यातला मजकूर 'इम्पोर्ट'नं आत घ्या. इम्पोर्टमध्ये विद्यार्थी आणि त्यांचं काम येत नाही, फक्त साहित्य येतं. जुना कोर्स 'संग्रह' अशा वर्गवारीत हलवून विद्यार्थ्यांना दिसणार नाही असा लपवा. जागेची काळजी करू नका. मूडल फाइल साठवताना तिच्या मजकुरावरून सांकेतिक खूण काढतं आणि हुबेहूब तीच फाइल दहा कोर्समध्ये असली तरी सर्व्हरवर एकदाच ठेवतं.

नोंदणीबद्दल एकच आग्रह: स्वतः नोंदणी करण्याची 'की' (परवलीचा शब्द) देऊ नका. ती त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मेजर विषयांना वर्गाचा 'कोहॉर्ट' (विद्यार्थ्यांचा गट) करून जोडा. खरी अडचण ओपन इलेक्टिव्हची असते. २०२३च्या शासन निर्णयानंतरच्या श्रेयांक आराखड्यात ओई दुसऱ्या शाखेतला घ्यायचा, म्हणजे एकाच कोर्सला वाणिज्यची, विज्ञानाची आणि कलेची मुलं, आणि पहिले पंधरा दिवस अदलाबदल चालूच. तिथे कार्यालयाकडून अंतिम यादी आल्यावरच सीएसव्हीनं (तक्त्याच्या साध्या फाइलनं) भरा. तोपर्यंत राखीव पुस्तकांची संख्याही ठरवू नका, कारण चाळीसचे दीडशे होतात ते याच पंधरवड्यात.

तुम्हाला स्वतःला मूडलमध्ये योग्य अधिकार लागतील. आपल्याकडे ग्रंथपालांना बहुधा विद्यार्थ्याचा नाहीतर थेट प्रशासकाचा अधिकार मिळतो, आणि दोन्ही चूक आहेत. 'टीचर' या भूमिकेची नक्कल करून 'कोर्स ग्रंथपाल' अशी नवी भूमिका तयार करून घ्या. साहित्य टाकणं, बदलणं, लपवणं एवढं ठेवा. गुणपत्रकाचे आणि गृहपाठ तपासण्याचे सगळे अधिकार काढून टाका. ही भूमिका प्रत्येक कोर्सात न देता विभागाच्या वर्गवारीला द्या, म्हणजे खालच्या सगळ्या कोर्सना आपोआप लागू होते. मुलांचे गुण ग्रंथालयाला दिसत नाहीत हे प्राध्यापकांना दाखवून दिलंत की त्यांचा निम्मा विरोध मावळतो.

यानंतर येतं खरं काम, आणि ते संगणकावर होत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी 'संदर्भ ग्रंथ' म्हणून वीस-बावीस पुस्तकांची यादी असते. त्यातली कित्येक नावं मागच्या अभ्यासक्रमातून जशीच्या तशी उतरलेली, काही पुस्तकं बाजारातून केव्हाच गेलेली, काहींची आवृत्ती चुकीची. ही यादी मूडलवर डकवून काहीच साधत नाही. मुलगा बावीस नावं बघतो आणि गाइड घेतो. मी विभागात जाऊन बसतो आणि प्रत्येक पुस्तकाला तीनच गोष्टी विचारतो: कोणतं प्रकरण, कोणत्या आठवड्यात, आणि ते वाचल्याशिवाय मुलाचं अडेल का?

संवाद साधारण असा होतो. "सर, हे कृषी अर्थशास्त्राचं पुस्तक पूर्ण वाचायचंय का?" "छे हो, सहकारावरचं प्रकरण फक्त." "केव्हा शिकवता?" "गणपतीच्या सुट्टीनंतर." "आणि नाही वाचलं तर?" इथे सर थांबतात आणि म्हणतात, "तसं नोट्समध्ये आहे सगळं. पण ते खालचं, साखर कारखान्यांवरचं पुस्तक आहे ना, त्यातली तक्ते असलेली पानं मात्र बघायलाच हवीत. ट्युटोरियल त्यावरच आहे." झालं. पहिलं पुस्तक 'अधिक वाचन'मध्ये गेलं, दुसरं राखीव झालं, आणि पानं व आठवडा दोन्ही कळले. वीसची यादी अशी सहासातवर येते. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेत याहून मोलाचा अर्धा तास दुसरा नाही, आणि सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी तो वाचवता येणार नाही.

आता कोहा. 'कोर्स रिझर्व्ह्ज' ही सोय त्यात आहेच, फक्त सिस्टिम प्रेफरन्समध्ये सुरू करावी लागते. आधी विभाग आणि सत्र यांच्या अधिकृत मूल्यांच्या याद्या भरा, मग कोर्स उघडा, प्राध्यापकांना 'इन्स्ट्रक्टर' म्हणून जोडा (त्यासाठी त्यांची सभासद नोंद कोहात असावी लागते), आणि बारकोड मारून प्रती त्यात घाला. यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की प्रत कोर्समध्ये घालताना तिचा प्रकार, संग्रह आणि जागा तात्पुरती बदलता येते. म्हणजे सात दिवसांच्या देवघेवीचं पुस्तक सत्रापुरतं 'राखीव, दोन तास' होतं आणि 'राखीव कपाट' ही त्याची जागा ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत) दिसू लागते. सत्र संपल्यावर तुम्ही कोर्स 'बंद' केलात की प्रत आपोआप मूळ प्रकारात आणि मूळ जागी परतते. तीच प्रत दुसऱ्या चालू कोर्समध्येही असेल तर मात्र ती राखीवच राहते, आणि तसंच हवं.

यासाठी 'राखीव' असा वेगळा आयटम प्रकार आणि त्याला तासांवर चालणारा देवघेवीचा नियम लावा. संध्याकाळी द्यायचं आणि सकाळी परत घ्यायचं, ही आपल्या ग्रंथालयांची जुनी आणि चांगली पद्धत तासांच्या नियमात नीट बसत नाही. तिथे खिडकीवरच्या माणसानं देताना परतीची तारीख-वेळ हातानं घालावी. एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलामुलींना वाचनालयात दोन तास बसणं परवडत नाही, त्यांची शेवटची गाडी असते. त्यांच्यासाठी रात्रीची देवघेव ठेवाच.

मूडल आणि कोहा जोडायला कुठलंही प्लगइन विकत घेऊ नका. कोहातल्या प्रत्येक कोर्सला ओपॅकवर स्वतःचा कायमचा पत्ता असतो. तो मूडलच्या कोर्समध्ये सगळ्यात वर 'यूआरएल' म्हणून लावा, नाव द्या 'या पेपरची ग्रंथालयातली पुस्तकं'. मुलाला त्यावर कोणती प्रत कपाटात आहे आणि कोणती बाहेर आहे हे त्या क्षणाचं दिसतं. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. मूडलवर कोर्स दरवर्षी नवा उघडायचा, पण कोहात मात्र कोर्स एकदाच उघडायचा आणि सत्रागणिक चालू-बंद करायचा. तसं केलंत तर पत्ता बदलत नाही आणि इम्पोर्ट केलेली लिंक पुढच्या वर्षीही जिवंत असते. म्हणूनच वर म्हटलं की कोहात नुसता पेपर कोड घाला, वर्ष नको.

प्रती किती लागतील याचा हिशोब मी प्राध्यापकांसमोर कागदावर मांडतो. वाचनालय सकाळी ९ ते संध्याकाळी ६, म्हणजे नऊ तास. दोन तासांच्या देवघेवीत एक प्रत दिवसाला चार मुलांच्या हातात जाते. दोन प्रती असतील तर आठ, आणि सहा दिवसांच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस. वर्ग एकशेदहाचा असेल तर प्रत्येकानं एकदा पुस्तक बघायला सव्वादोन आठवडे लागतात, तेही एकही तास वाया गेला नाही तर. एवढं बघितलं की 'सोमवारी सांगितलं, गुरुवारी ट्युटोरियल' असं कुणी करत नाही. मग तीन पर्याय उरतात: वाचन तीन आठवडे आधी जाहीर करणं, आणखी प्रती घेणं, किंवा त्या एका प्रकरणाचा स्कॅन देणं.

स्कॅन म्हटलं की कायदा आला. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्याचं कलम ५२ (१) (आय) शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करायला मुभा देतं. याचा अर्थ किती लांबवर जातो हे दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात तपासलं गेलं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला होता. सप्टेंबर २०१६मध्ये एक सदस्यीय पीठानं तो फेटाळला. डिसेंबर २०१६मध्ये खंडपीठानं म्हटलं की अध्यापन म्हणजे नुसता वर्गातला तास नव्हे, आणि प्रत किती पानांची यावर टक्केवारीची मर्यादा नाही. शिकवण्याच्या हेतूसाठी तेवढा भाग लागतो का, ही कसोटी. नेमलेला मजकूर त्या कसोटीला उतरतो का, हे तपासायला त्यांनी दावा पुन्हा खालच्या पीठाकडे पाठवला होता, पण २०१७मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला.

यावरून दोन गोष्टी घ्या. 'दहा टक्क्यांपर्यंत चालतं' असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, त्याला आपल्या कायद्यात आधार नाही. आणि कसोटी हेतूची असल्यामुळे हेतू दिसेल अशी नोंद ठेवणं हेच आपलं संरक्षण. तो खटला झेरॉक्सच्या संचांचा होता, मूडलचा नव्हता, म्हणून ऑनलाइन मी जास्त जपून चालतो. पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचं असावं, अख्खं पुस्तक कधीच नाही, लॉगिनशिवाय दिसता कामा नये, फक्त त्या कोर्सच्या मुलांना आणि सत्रापुरतंच. बाजारात सहज मिळणारं क्रमिक पुस्तक असेल तर स्कॅनचा विचारही करू नये, प्रती घ्याव्यात. आपले मराठी प्रकाशक शे-दोनशे प्रतींच्या विक्रीवर तगून असतात. त्यांचं पुस्तक आपणच फुकट वाटलं तर पुढचं पुस्तक निघणार कसं?

प्रत्येक स्कॅनची नोंद एका वहीत किंवा शीटमध्ये ठेवा: दाखल क्रमांक, पानं, पेपर कोड, मागणाऱ्या प्राध्यापकांचं नाव, टाकल्याची आणि काढायची तारीख. मूडलमध्ये फाइल चढवताना लेखक आणि परवाना यांचे रकाने येतात, तेही भरा. 'रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस'मध्ये शेवटची तारीख तेव्हाच घाला, कारण नंतर कुणाच्याही लक्षात राहत नाही.

स्कॅन नीट करा. मोबाइलवर काढलेले तिरके, बोटांसकट फोटो आणि ऐंशी एमबीची पीडीएफ, असं पाठवणं म्हणजे मुलाचा डेटा जाळणं. सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआय, ग्रेस्केल, आणि पहिलं पान नेहमी पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचं. मग टेसरॅक्टसारख्या साधनानं मराठी ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं खऱ्या मजकुरात बदलून घ्या. त्यानं शोध तर लागतोच, पण दृष्टिबाधित विद्यार्थ्याचं वाचकसाधन ते पान मोठ्यानं वाचू शकतं. नुसतं चित्र असलेली पीडीएफ त्याच्यासाठी कोरी असते. अशा विद्यार्थ्यासाठी कायद्यातली मुभाही जास्त मोठी आहे: २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ५२ (१) (झेड बी) त्याला वापरता येईल अशा रूपात संपूर्ण कृतीची प्रत करू देतं. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टातल्या नोट्स प्राध्यापक देतात, त्या युनिकोडमध्ये बदलूनच चढवा. डोळ्यांना मराठी दिसत असली तरी आतली अक्षरं निरर्थक असतात, शोधाला आणि वाचकसाधनाला काहीच हाती लागत नाही.

जे खुलं आहे ते आधी वापरा. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११पासून खुलं आहे. नव्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र त्यात येत नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली अनेक पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत, मराठी विश्वकोश पूर्ण खुला आहे. यांचे स्कॅन किंवा प्रती नकोत, सरळ लिंक द्या.

लिंकांत एक घोळ सगळीकडे होतो. प्राध्यापक आपल्या संगणकावर एन-लिस्टमध्ये (महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी सेवा) लॉगिन करून लेख उघडतात आणि ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलून मूडलवर डकवतात. तो पत्ता त्यांच्या त्या वेळच्या सत्रापुरता असतो. मुलगी रात्री मोबाइलवर टिचकी मारते आणि तिच्यासमोर प्रकाशकाचं 'खरेदी करा' पान येतं. लेखाचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) किंवा जेस्टोरसारख्या ठिकाणी दिलेला स्थिर पत्ताच लावा, आणि खाली एक ओळ लिहा: 'आधी एन-लिस्टमध्ये लॉगिन करा'. एन-लिस्टचं खातं प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं असतं आणि ते महाविद्यालयाकडून उघडावं लागतं, म्हणून प्रवेशाच्या यादीबरोबरच हे काम उरका. लिंक लावल्यावर ती लॉगिन नसलेल्या फोनवर उघडून बघा. तुमच्या टेबलावरच्या संगणकावर ती चालणारच.

मराठी पुस्तकांचा एक प्रश्न वेगळा आहे. बऱ्याच महाविद्यालयांत जुनी तालिका रोमन लिपीत भरलेली आहे, आणि मूल देवनागरीत शोधतं. पुस्तक कपाटात असून ओपॅक 'सापडलं नाही' म्हणतो. सगळा संग्रह दुरुस्त करायला वर्षं जातील, पण राखीव यादीतली पुस्तकं मोजकी असतात. दर सत्राला तेवढ्याच नोंदी देवनागरीत करा. सर्वाधिक मागणीची पुस्तकं अशी आपोआप आधी दुरुस्त होतात.

सत्र संपल्यावर, निकालाच्या आधी, एका बैठकीत हे उरका: कोहातले कोर्स बंद करा, राखीव कपाटातल्या प्रतींचे बारकोड स्कॅन करून त्या मूळ जागी लावा, मूडलवरच्या स्कॅनच्या फाइल वहीशी ताडून काढून टाका आणि मगच कोर्स संग्रहात हलवा. हा क्रम पाळा. फाइल काढायच्या आधी कोर्स संग्रहात गेला तर पुढच्या इम्पोर्टमध्ये ते स्कॅन पुन्हा येतात. नंतर कोहाचा देवघेवीचा अहवाल काढा आणि मूडलचा 'अ‍ॅक्टिव्हिटी रिपोर्ट' बघा. टिचकी मारणं म्हणजे वाचणं नव्हे, तरी जे एकदाही उघडलं गेलं नाही ते यादीत कशाला ठेवायचं, हे प्राध्यापकांना विचारता येतं. आणि ज्या पुस्तकाच्या दोन प्रती सत्रभर कपाटात टेकल्याच नाहीत, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या प्रतीची मागणी ग्रंथालय समितीपुढे आकड्यांसकट ठेवता येते.

यंदा सगळ्या विभागांत एकदम सुरू करू नका. ज्यांचे प्राध्यापक स्वतःहून ग्रंथालयात येतात असे दोन विभाग निवडा, त्यांचे पाच-सहा पेपर पूर्ण करा, आणि बाकीच्यांना दुसऱ्या सत्रात बोलवा. 'कोर्स ग्रंथपाल' भूमिकेच्या परवानग्या कशा लावायच्या यात अडलात तर तुमच्या मूडलची आवृत्ती कळवा, पडद्यावर कुठे काय निवडायचं ते लिहून देतो.